पाट फिरवणारा हात : गोव्यात राहून ग्राफिक्स आणि एचसीआयच्या संशोधनाला सुरुवात कशी करावी

"कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?" असं विचारत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर आधीच असतं, एखादा ऑनलाइन कोर्स अर्धा झालेला असतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ? मी सांगते, कार्ड सध्या नको. एक वही घ्या आणि तुमच्या गावात हाताने काम करणारं एक माणूस शोधा.

फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव, कुठल्याही कॉलेजात शिकणाऱ्या, थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्या, पण संशोधन म्हणजे रोज उठून नक्की काय करतात हे ठाऊक नसलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. चार-पाच महिन्यांत, अभ्यास सांभाळून, एक लहानसं पण खरं संशोधन पुरं करता येईल असा रस्ता यात सांगितला आहे. मी स्वतः त्याच रस्त्याने आले, म्हणून उदाहरणं माझ्या मामाच्या चित्रशाळेतली आहेत. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच: गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात त्या जागेला आमच्याकडे चित्रशाळा म्हणतात, आणि गणेशचतुर्थीला चवथ.

हे काम आहे तरी काय

ग्राफिक्स म्हणजे चित्र गणिताने कसं तयार करायचं याचा विचार. ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय, हा माणूस यंत्राशी कसा वागतो आणि यंत्राने माणसाशी कसं वागावं याचा विचार. कॉलेजात हे दोन वेगवेगळे पेपर असतात, पण जन्माने ते एकाच घरातले आहेत. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड नावाची प्रणाली केली. टीएक्स-२ या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशपेनने रेषा काढायची आणि "या दोन रेषा समांतर ठेव" असा नियम घालून दिला की यंत्र तो पाळायचं. यात चित्र आलं, गणित आलं आणि माणसाचा हातही आला. त्यांचा तो प्रबंध आज इंटरनेटवर मोफत मिळतो. पहिली काही पानं वाचून ठेवा.

मी या दोन शेतांच्या बांधावर काम करते. बांधावर कामाला माणसं कमी असतात आणि प्रश्न भरपूर. नवख्यांसाठी ही चांगली जागा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण इथला चांगला प्रश्न शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, निरखून बघणारे डोळे लागतात.

पहिली पायरी : विषय नको, हात निवडा

"मला व्हीआरमध्ये काहीतरी करायचं आहे" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "मामा मातीचा गणपती करताना ज्या क्रमाने आकार काढतो, त्या क्रमाने संगणकावर आकार काढता येईल का?" हा प्रश्न झाला. दोन्हींतला फरक असा की दुसऱ्याचं उत्तर तपासायला कुणाकडे जायचं ते माहीत असतं.

गोव्यात असे हात गल्लोगल्ली आहेत. दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुराचा सांगाडा बांधणारी वाड्यावरची मुलं, चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीत, फळं-पानं कुठे काय टांगायचं हे डोळ्यांनीच ठरवणारी आजी, जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला समजून घेऊन पुन्हा काढू पाहणारे चित्रकार. एकच निवडा. शक्यतो घरातला किंवा शेजारचा, कारण तुम्हाला तिथे पाच-सहा वेळा जावं लागणार आहे.

दुसरी पायरी : कोड लिहिण्याआधी बघायला जा

चवथीच्या आधीच्या तीन आठवड्यांत कुठल्याही चित्रशाळेत जाऊ नका. त्या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसते. माती मळणं नुकतंच सुरू झालेलं असतं तेव्हा जा. आधी विचारा, मग बसा. फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी परवानगी घ्या आणि ते कुठे दाखवणार हेही सांगा. एखाद्या मूर्तिकाराचा साचा किंवा मूर्तीची घडण ही त्याची कमाई असते. तिचं त्रिमितीय मॉडेल करून इंटरनेटवर टाकणं म्हणजे ती कमाई वाटून टाकणं. आणि पुजलेल्या मूर्तीवर कुठलाही प्रयोग करायचा नाही, हे सांगायला लागू नये.

वहीत तीन रकाने करा: वेळ, डावा हात, उजवा हात. दर अर्ध्या मिनिटाला काय दिसतं ते लिहा. माणूस काय बोलतो ते नंतर लिहिता येतं, आधी काय करतो ते लिहा. सराईत कारागिराला स्वतःच्या बऱ्याच हालचाली सांगताच येत नाहीत, कारण त्या हातात मुरलेल्या असतात.

पहिल्या दिवशी माझा डाव्या हाताचा रकाना जवळजवळ कोरा राहिला. उजवा हात कोरणीने सोंडेची वळी काढतोय, पोट गुळगुळीत करतोय, कानाची कड दाबतोय, आणि डावा हात काहीच करत नाही असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी फक्त डाव्या हाताकडे बघायचं ठरवून बसले. डावा हात पाटावर होता. मूर्तीखालचा लाकडी पाट तो सारखा किंचित फिरवत होता, कधी बोटभर, कधी अर्ध्या वळणाएवढा. उजव्या हाताने नवं काही सुरू करण्याआधी दर वेळी पाट आधी फिरलेला असायचा.

त्यावर शास्त्रात नीट काम झालेलं आहे हे मला पुढे कळलं. ईव्ह गियार या फ्रेंच संशोधकाने १९८७ मध्ये दोन हातांच्या कामाची वाटणी मांडली. बिगर-वळणाचा हात, म्हणजे बहुतेकांचा डावा, आधी हलतो. त्याच्या हालचाली मोठ्या आणि ढोबळ असतात. आणि तो जी चौकट बांधून देतो तिच्या आत वळणाचा हात बारीक काम करतो. कागदावर लिहिताना आपण डाव्या हाताने कागद सरकवतो तेही हेच. नारळ खवताना, मासे कापताना, शिवणयंत्रावर कापड सरकवताना बघा. घरोघरी दिसणारी ही गोष्ट आहे, आणि बहुतेक ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये डाव्या हाताला कामच ठेवलेलं नसतं.

तिसरी पायरी : एकच निबंध वाचा, पण सगळा

शोधनिबंधांचे ढीग डाउनलोड करू नका. तुमच्या प्रश्नाच्या जवळचा एक घ्या आणि तो महिनाभर पुरवा. माझा निबंध होता टेडी. ताकेओ इगाराशी, सातोशी मात्सुओका आणि हिदेहिको तानाका यांनी तो १९९९ च्या सिग्ग्राफ या ग्राफिक्सच्या परिषदेत मांडला. कागदावर काढावी तशी बाह्यरेषा काढायची, की संगणक तिला फुगवून गुबगुबीत त्रिमितीय आकार करतो. मग त्या आकारावर रेषा काढून फांदी फुटवायची, आरपार रेघ ओढून तुकडा कापायचा. पहिल्यांदाच वापरणारा माणूस दहा मिनिटांत यात तरबेज होतो, असं त्यांच्या अनौपचारिक चाचण्यांत दिसलं.

इगाराशी पुढे टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांची कामं एका ओळीत लावून बघण्यासारखी आहेत. १९९७ मध्ये ओबडधोबड रेषांतून नेटक्या रेषांचे पर्याय सुचवणारी प्रणाली, १९९९ मध्ये टेडी, २००५ मध्ये सपाट चित्राला बोटांनी धरून बाहुलीसारखं वाकवण्याची पद्धत, आणि २००७ मध्ये युकी मोरी यांच्याबरोबर प्लशी: त्यात तुम्ही रेषा काढता आणि तुमच्या हातात कापडी खेळणं शिवण्यासाठी कापायचे नमुने येतात. गणित दर वेळी वेगळं, पण सुरुवात दर वेळी साध्या माणसाच्या साध्या रेषेपासून. संशोधकाचा माग असा काढावा. एकाच माणसाचे चार निबंध वर्षांच्या क्रमाने बघितले की त्याला आयुष्यभर कोणत्या प्रश्नाने झपाटलंय ते दिसतं.

वाचायची माझी रीत: आधी फक्त चित्रं आणि असेल तर व्हिडिओ. मग प्रस्तावना आणि शेवटचं पान, कारण मर्यादा तिथे लिहिलेल्या असतात. टेडीच्या मर्यादांत मला माझा गणपती अडकलेला दिसला. टेडीतला प्रत्येक आकार मुळात चेंडूसारखा असतो, त्याला आरपार भोक ठेवता येत नाही. सोंड खाली येऊन पोटाला किंवा मोदकाला टेकली की मधे फट राहते, म्हणजे भोकच. मामाच्या निम्म्या मूर्ती टेडीत बसत नव्हत्या. मर्यादा वाचताना आपलं माणूस आठवलं पाहिजे ते असं.

तिसऱ्या वाचनात कृती. थोडक्यात ती अशी: बाह्यरेषेचा बहुकोन करतात, आतला भाग त्रिकोणांत कापतात, त्रिकोणांच्या मध्यातून जाणारा कणा शोधतात, कण्याचे बारीकसारीक फाटे छाटतात. मग कण्याचा प्रत्येक बिंदू कडेपासून जितका दूर, तितका वर उचलतात. कण्यापासून कडेपर्यंत लंबगोल उतार देतात आणि हीच बाजू आरशासारखी मागे चिकटवतात. रुंद पोट त्यामुळे उंच फुगतं, बारीक सोंड कमी.

निबंध मिळवणं आता अवघड नाही. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेने १९५१ ते २००० या काळातले आपले निबंध २०२२ पासून सर्वांना मोफत खुले केले आहेत, त्यात टेडी येतो. घरी वीज-नेटचा त्रास असेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसा. १८३२ पासून चालत आलेलं हे ग्रंथालय आहे आणि दिवसभर शांत बसून वाचायला त्याच्यासारखी जागा मला दुसरी माहीत नाही.

चौथी पायरी : स्वतःच्या हाताने आकार फुगवा

वाचलेलं आपलं झालं की नाही हे करून बघितल्यावरच कळतं. पण टेडीची त्रिकोणांची कृती पहिल्याच फटक्यात लिहायला जाऊ नका, नवख्याला ती महिनाभर अडकवून ठेवते. त्याआधी एक सोपी पद्धत करा. कुठलाही साधा लॅपटॉप चालेल. जावास्क्रिप्ट येत असेल तर पी-फाइव्ह किंवा थ्री-जेएस या मोफत लायब्ररी घ्या.

पडद्यावर चौकटींचं जाळं घ्या, समजा १०० बाय १००. बोटाने किंवा माउसने बंद रेषा काढा. रेषेबाहेरच्या सगळ्या चौकटींना शून्य द्या आणि ते कायम शून्यच ठेवा. आतल्या प्रत्येक चौकटीला एकच नियम: शेजारच्या चार चौकटींची सरासरी काढा, तिच्यात १ मिळवा, ती किंमत त्या चौकटीत लिहा. सगळ्या आतल्या चौकटींवर हे करा, मग पुन्हा पहिल्यापासून. जागच्या जागी बदलत गेलात तर तीन हजार फेऱ्या पुरतात आणि लॅपटॉप त्या क्षणात करतो. शेवटी प्रत्येक किमतीचं वर्गमूळ घ्या. ती त्या जागेची उंची.

बरोबर झालं का हे तपासायला आधी ४० चौकटी त्रिज्येचं वर्तुळ काढा. मध्यावर उंची ४० च्या आसपास यायला हवी, म्हणजे नेमका अर्धा चेंडू. येत नसेल तर पुढे जाऊ नका, चूक शोधा. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक आकार नेहमी जवळ ठेवायचा, ही सवय पहिल्या प्रोजेक्टपासून लावून घ्या.

उंची मिळाली, आता उजेड. प्रत्येक जागी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते शेजारच्या उंचींच्या फरकावरून काढता येतं. ती दिशा आणि दिव्याची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन म्हणजे त्या जागेचा उजळपणा. कोसाइन ऋण आला तर अंधार. योहान हाइन्रिख लँबर्ट यांनी १७६० मध्ये मांडलेला हा नियम आजही मॅट पृष्ठभागासाठी, म्हणजे न रंगवलेल्या सुक्या मातीसाठी, चांगला चालतो. पंचवीस ओळींचं काम आहे, आणि पडद्यावर पहिल्यांदा गोलाई उमटते तेव्हा होणारा आनंद मी आजही विसरलेले नाही.

आता गंमतीचा भाग. मी बाह्यरेषेने गणपती काढला, फुगवला आणि मॉडेल आडवं वळवून मामाला फोनवर फोटो पाठवला. त्याने लगेच कळवलं, सोंड दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी दिसते. मला दिसत नव्हती. कोड तपासला, चूक नव्हती. मग कागद घेऊन गणित केलं. वर्तुळाला हा नियम नेमका चेंडू देतो, पण लांब पट्टीला तो अर्ध्या रुंदीच्या सुमारे १.४ पट उंची देतो, नेमकं म्हणजे २ चं वर्गमूळ. सोंड ही लांब पट्टीच. म्हणून ती रुंदीला कमी आणि जाडीला जास्त झाली होती. टेडीत कणा कडेपासूनच्या अंतराएवढाच उचलतात, म्हणून तिथली सोंड गोल राहते. ते अंतर त्यांनी का धरलं असेल हे निबंध तीनदा वाचून मला सुचलं नव्हतं, मामाच्या डोळ्याने ते दाखवलं.

तुमच्याही बाबतीत असं होईल. कोड चालला म्हणून आकार बरोबर ठरत नाही. तो ज्याच्या हातातला आहे त्याला दाखवा.

पाचवी पायरी : माणसांसमोर ठेवा, आणि गप्प बसा

माझी पहिली चाचणी मी हॉस्टेलमधल्या पाच मैत्रिणींवर घेतली. सगळ्यांना पटापट जमलं. त्याच भरवशावर टॅब्लेट घेऊन चित्रशाळेत गेले. मामाने हात धुतले, पुसले, टॅब्लेट समोर घेतला, उजव्या बोटाने पोट काढलं. मग डावा हात टॅब्लेटच्या खालच्या कडेला नेला आणि थांबला.

"पाट खंय गो?"

पाट कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं. मॉडेल फिरवायचं बटण वर उजव्या कोपऱ्यात होतं. ते दाबून, मग त्याच बोटाने ओढून, मग पुन्हा बटण दाबून रेषेकडे परत यायचं होतं. माझ्या वहीत दोन पानं डाव्या हाताबद्दल लिहिलेली होती आणि मी केलेल्या प्रोग्रॅममध्ये डावा हात नव्हता. मैत्रिणींना अडचण आली नाही, कारण त्यांनी आयुष्यात कधी मूर्ती घडवली नव्हती. फोनवरची अ‍ॅप्स वापरून एका बोटाची सवय त्यांना लागलेली होती. चाचणी चुकीच्या माणसांवर घेतली की उत्तर गोड येतं आणि काहीच शिकवत नाही.

त्यानंतर पडद्याच्या डाव्या कडेला एक रुंद पट्टी ठेवली. डावा अंगठा तिच्यावर सरकवला की मॉडेल पाटासारखं फिरतं, आणि उजवं बोट त्याच वेळी रेषा काढू शकतं. नवीन गणित त्यात काही नव्हतं, पण माझ्या संशोधनाचा गाभा तोच ठरला.

चाचणी कशी घ्यायची ते आता क्रमाने. पाच-सहा माणसं पहिल्या फेरीला पुरतात, कारण मोठ्या अडचणी पहिल्या काहीजणांतच दिसून जातात. चाचणी त्यांच्या जागेवर घ्या, आपल्या लॅबमध्ये बोलावू नका. भाषा त्यांची. आमच्याकडे घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि मेनूत इंग्रजी असा प्रकार असतो. पडद्यावरचे शब्द मराठीत लिहिलेत तरी "रोटेट"ला "परिभ्रमण" करू नका, "फिरव" लिहा. काम एकच द्या, उदाहरणार्थ सोंड आणि पोट काढून दाखवणं. करता करता मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगा. पहिल्या वाक्यात सांगा की परीक्षा प्रोग्रॅमची आहे, तुमची नाही, आणि कधीही थांबता येईल. मग गप्प बसा. ते चुकीचं बटण दाबतील तेव्हा तुमचा हात शिवशिवेल. तरी हात मांडीवर ठेवा.

दोन प्रकारांची तुलना करायची असेल, जसं माझं जुनं बटण आणि नवी पट्टी, तर निम्म्या लोकांना आधी जुनं द्या आणि निम्म्यांना आधी नवं. नाहीतर दुसऱ्या खेपेला हात आपोआप सरावतो आणि श्रेय नव्या प्रकाराला जातं.

मोजायचं काय? वेळ, पुसून परत काढलेल्या रेषा, आणि मदत मागितली ते क्षण. प्रोग्रॅमनेच हे नोंदवावं अशी सोय आधी करा. बटणांच्या मापासाठी पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम शिकून घ्या: लक्ष्य जितकं दूर आणि जितकं अरुंद, तितका वेळ जास्त. अवघडपणा बिटमध्ये मोजतात. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागायचं आणि २ च्या पायाचा लॉगरिदम घ्यायचा. बोटापासून ८० मिलिमीटरवर ५ मिलिमीटरचं बटण असेल तर अवघडपणा ५ बिट, तेच १० मिलिमीटरचं केलं तर ४. कडेची पट्टी रुंद ठेवण्यामागे माझं हेच गणित होतं. आणि रेषा बोटाच्या मागे रेंगाळत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी सुधारा. दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तरच माणसाला तो स्वतःच्या कृतीचा भाग वाटतो.

सहा माणसांवरून टक्केवारी काढू नका. "सहापैकी चौघांनी पट्टी न सांगता वापरली" असं लिहा. ते खरं असतं आणि वाचणाऱ्याला कळतंही.

सहावी पायरी : लिहून काढा

आधी तीस सेकंदांचा व्हिडिओ करा: हात, पडदा, आकार. या क्षेत्रात निबंधाइतकंच व्हिडिओला वजन आहे. मग चार पानं: प्रश्न काय, आधी कुणी काय केलं, मी काय केलं, लोकांनी त्याचं काय केलं. जे जमलं नाही ते स्वतंत्र परिच्छेदात लिहा. माझ्या लेखात सोंडेच्या १.४ पटीचा परिच्छेद सगळ्यात जास्त विचारला गेला. मूर्तिकाराचं नाव द्यायचं की नाही हे त्यालाच विचारा. छापलेली प्रत त्याला नेऊन द्या आणि काय लिहिलंय ते त्याच्या भाषेत वाचून दाखवा.

पाठवायचं कुठे? देशात इंडिया एचसीआय ही परिषद आहे, आणि ग्राफिक्स, व्हिजन व इमेज प्रोसेसिंगसाठी १९९८ पासून भरणारी आयसीव्हीजीआयपी. बाहेर सिग्ग्राफ आहे, १९७४ पासूनची; तिथे पोस्टरचा विभाग असतो आणि विद्यार्थ्यांची लहान कामं त्यात शोभतात. एचसीआयची सगळ्यात मोठी परिषद सीएचआय, तिचा उच्चार चक्क "काय" असा करतात. नकार आला तर परीक्षकांचे शेरे छापून भिंतीला लावा. बाहेरच्या तीन अनोळखी तज्ज्ञांनी तुमचं काम फुकट वाचलेलं असतं.

मी अजून हात न घातलेले काही प्रश्न

माझं मूर्तीचं काम चालूच आहे. पण पुढचे प्रश्न मी उचलायच्या आत कुणी उचलले तर मला आनंदच होईल.

कावी कलेत चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो कोरून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे चित्र रंग भरून होत नाही, रंग काढून होतं. आपली बहुतेक ड्रॉइंग अ‍ॅप्स भरण्याच्या बाजूने विचार करतात. काढण्याच्या बाजूने विचार करणारं साधन कसं असेल? वर्तुळं आणि पाकळ्यांच्या सममितीत इगाराशींची १९९७ ची रेषा सुधारण्याची कल्पना कामी येईल का?

नरकासुराचा सांगाडा उभा राहील की कलंडेल हे मुलं बांधून बघतात. वजनाचा मध्य कुठे पडतो ते फोनवर रेषा काढतानाच दिसलं तर? माटोळीत एका बाजूला जड फळं जास्त झाली की चौकट झुकते, तिथेही हेच.

आणि मराठीतलं लिहिणं. देवनागरीत बोटाने लिहिताना शिरोरेघ आधी काढावी की नंतर, याला प्रत्येक हाताचं उत्तर वेगळं असतं. एका शाळेत जाऊन पन्नास मुलांचं लिहिणं नुसतं बघितलंत तरी कामाला लागाल. शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी मात्र आधी.

सातवी पायरी : मार्गदर्शक शोधा

ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली. लोक इथून सुरुवात करतात आणि रिकाम्या हाताने जातात. तुमच्याजवळ व्हिडिओ आणि चार पानं असली की दार उघडणं सोपं जातं. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस; सगळं कदंबच्या एका-दोन बसच्या अंतरावर आहे. आल्तिनोचं गोवा कला महाविद्यालय विसरू नका. आकार बघायला शिकवणारी माणसं तिथे आहेत आणि बांधावरच्या कामाला दोन्हीकडची माणसं लागतात. मुंबईत आयआयटीचा आयडीसी हा डिझाइन विभाग १९६९ पासून आहे, भारतीय भाषांत मोबाइलवर टाइप करण्यावर तिथे मोलाचं काम झालं आहे.

ईमेल सहा ओळींचा असू दे. प्राध्यापकांचा एक निबंध खरोखर वाचून त्यातला एक प्रश्न विचारा. तुम्ही काय केलं ते दोन वाक्यांत सांगा, व्हिडिओची लिंक द्या. कोणती मदत हवी ते नेमकं लिहा: "तुमच्या लॅबमध्ये काम करायचं आहे" असं मोघम नको, "दोन बोटांचे स्पर्श एकाच वेळी आले की माझी रेषा तुटते, ते कसं सोडवावं?" असं. सोमवारी सकाळी पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तोवर चित्रशाळेत जाऊन डाव्या हाताचा रकाना भरत राहा.